न आलेल्या चादरी

आक्काचे पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्न निघाल्यापासून घरातली माणसं एकमेकांशी फार गोड वागू लागली होती. आक्काला हे लक्षण बरं वाटत नव्हतं. भांडणं चालू असली की या घराण्याचा धंदा सुरळीत चालतो आणि गोडवा वाढला की आत काहीतरी शिजत असतं, असा तिचा सत्तरी ओलांडेपर्यंतचा अनुभव होता.

वडिलांची लाँड्री तिनं एकटीनं चालवली, वाढवली आणि मागचा बॉयलरचा हॉल गेल्या महिन्यात विकून टाकला. हॉल तिच्या नावावर होता. मूलबाळ नव्हतं. भावाबहिणीचं आपापलं बरं चाललं होतं. "मी गेल्यावर माझ्या नावानं देणार, त्यापेक्षा असताना माझ्या हातानं देते," असं तिनं जाहीर केलं. "संस्था तुम्ही सुचवा. खरी कोणती ते मी बघते."

रविवारी दुपारी लाँड्री बंद होती. घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. टेबलावर दोन गाठोडी होती.

ही गाठोडी म्हणजे आक्काची परीक्षा. बऱ्याच चर्चेनंतर दोन संस्था उरल्या होत्या, आणि तिनं दोघींना निरोप धाडला होता की एका आठवड्याच्या चादरी नि अभ्रे पाठवा, फुकट धुऊन देते. माणूस काय सांगतो यापेक्षा त्याची उशी काय सांगते यावर तिचा भरवसा होता. कुठल्या वकिलाचे केस गळताहेत, कुठल्या जोडप्याच्या खोल्या आता दोन झाल्यात, कुठला हॉटेलवाला टेबलावरचं कापड उलटं घालून आणखी दोन दिवस ढकलतो, हे तिला वर्षानुवर्षं कळत आलं होतं. यातलं तिनं कधी कुणाला काही सांगितलं नाही. धंदा त्यावरच टिकला.

"आधी आमचं उघडा," वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे भाऊची बायको. 'आमचं' म्हणजे निराधार म्हाताऱ्यांसाठीचं एक मोठं निवासगृह. त्याचं माहितीपत्रक इतक्या गुळगुळीत कागदाचं होतं की हातात ठरत नसे. वहिनीचं मन मात्र त्या पत्रकात अडकलं नव्हतं. ते अडकलं होतं तिथल्या दर्शनी भिंतीत. देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी तिथं बसवत, आणि घराण्याचं नाव तिथं कसं दिसेल याचं चित्र तिनं मनात केव्हाच टांगलं होतं. तिचा मुलगाही तिच्या बाजूनं होता. तो हिशेबतपासनीस. लहानपणी खाऊची वाटणी तपासून घ्यायचा म्हणून घरात त्याला ऑडिटरच म्हणत. पुढे शिक्षण तेवढं घ्यायचं राहिलं होतं, तेही त्यानं घेतलं.

आक्कानं गाठ सोडली. वरची चादर दोन बोटांत धरली आणि लगेच सोडून दिली.

"कोऱ्या आहेत."

"स्वच्छ आहेत हो आक्का," वहिनी म्हणाली. "बघा की, कसं टापटीप काम आहे!"

"अगं, धुवायला आलेल्या चादरी स्वच्छ कशा असतील? ही दुकानातली घडी आहे. खळसुद्धा गेलेली नाही अजून. यावर माणूस सोड, माशी बसलेली नाही."

"दावा नामंजूर," भाऊ समाधानानं म्हणाला.

भाऊ विमा कंपनीतून निवृत्त झाला होता. दावे तपासण्यात त्याची उभी हयात गेली होती. समोरचा माणूस मेला आहे हे त्याला मान्य असे, कारण पटत नसे. देणगी या विषयावर त्याचं मत एवढंच होतं की ज्याला खरी गरज असते तो मागत नाही आणि जो मागतो त्याला गरज नसते. सबब कुणालाच काही द्यायचा प्रश्न येत नाही.

"बाबा, नवीन खरेदी झाली असेल," ऑडिटर म्हणाला.

"आणि जुन्या कुठं गेल्या? स्वर्गवासी?"

आता दुसरं गाठोडं. ते धाकटीनं सुचवलेल्या संस्थेचं. धाकटी ही आक्का-भाऊंची सगळ्यात लहान बहीण, दातांची डॉक्टर. माणसाला तोंड उघडायला लावणं हे तिचं रोजचं काम. घरात मात्र तिनं तोंड उघडलं की बाकीचे हसू दाबत. पाच वर्षांपूर्वी तिनं सगळ्यांकडून पैसे गोळा करून आंधळ्या वादकांच्या एका आश्रमाला दिले होते. तो आश्रम म्हणजे एक फोटो आणि एक बँकेचं खातं एवढाच निघाला. फोटोही कुठल्यातरी कॅलेंडरवरून कापलेला. तेव्हापासून भाऊ तिला 'विश्वस्त' म्हणे. पैसे गेल्याचं तिला दुःख नव्हतं. पण त्यानंतर तिच्या प्रत्येक शब्दातून घरात काहीतरी कापून घेतलं जाई. फ्रिज घ्यायचा झाला तरी तिला विचारून मग उलटं करत.

आज ती पुन्हा एका संस्थेसाठी उभी होती. दवाखान्यातून सुटी मिळाली पण घरी करायला कुणी नाही, अशा माणसांना पायावर उभं राहीपर्यंत ठेवून घेणारं एक लहानसं घर. आजही फसलो, तर यापुढे या टेबलाशी आपण फक्त घड्या घालायला बसायचं, हे तिला स्वच्छ कळत होतं.

गाठोड्यातून मलमाचा वास आला. चादरी वापरलेल्या होत्या, ठिगळं लावलेल्या होत्या. आक्काचा चेहरा खुलला. धाकटीनं श्वास सोडला. तेवढ्यात भाऊनं चादरी बाजूला मांडायला सुरुवात केली.

"खाटा किती म्हणालीस?"

"चौदा."

"आणि चादरी सहा." भाऊनं गाठोडं उलटं करून झटकलं. "बाकीची माणसं काय, अधांतरी झोपतात? का तिथंही फोटोच आहे? अभिनंदन, विश्वस्त!"

"भाऊ, पुरे," आक्का म्हणाली. पण तीही चादरींकडेच बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी धाकटीनं बघितली. तिचे कान तापले. हा ताप तिच्या ओळखीचा होता.

"एक कोऱ्या पाठवते, एक अर्ध्या पाठवते," आक्का स्वतःशीच म्हणाली. "पण मी तर फुकट धुऊन देते एवढंच कळवलं होतं. फुकट म्हटल्यावर माणूस पडदेसुद्धा काढून पाठवतो. यांना ही बुद्धी झाली कशी?"

ऑडिटर खाकरला.

ऑडिटरच्या खाकरण्याला घरात एक वजन होतं. तो खाकरला की कुणाचा तरी कर वाढे.

"मी दोन्हीकडे ईमेल केला होता, आत्या."

"काय लिहिलंस?"

"'सदर कपड्यांची तपासणी करून देणगीबाबत निर्णय घेण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'"

भाऊ उठून उभा राहिला.

"अरे गाढवा! चोराला कुणी कळवतं का, की बाबा आम्ही अमुक वाजता धाड घालतोय, चहा तयार ठेव?"

"ज्याला तपासायचं त्याला न सांगता तपासणं बरोबर नाही, बाबा. कुणी तुमची उशी अशी न विचारता वाचली तर?"

भाऊकडे उत्तर तयार होतं, ते देऊन झालं, आणि मग वहिनीनं मुलाची बाजू घेतली, आणि मग भाऊनं वहिनीचं माहेर काढलं. अखेर घरात नेहमीचं वातावरण आलं. आक्का मात्र कोऱ्या चादरीची घडी परत घालत होती. आपण जन्मभर गावाच्या उशा वाचल्या आणि कुणालाच विचारलं नाही, ही गोष्ट तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आली. पोरगा बावळट होता, पण खोटं बोलत नव्हता.

"म्हणजे परीक्षा बाद," वहिनी म्हणाली. "दोघी सारख्याच नापास. मग पत्रकावरूनच ठरवू या ना."

"फोन करू या," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"दोघींना करते. स्पीकरवर. तुम्ही ऐका." तिनं फोन टेबलावर ठेवला. "त्या वेळी मी त्या आश्रमवाल्याला एक प्रश्न विचारला नव्हता. मनात आले होते, चांगले चार-पाच. पण दान द्यायचं आणि वर चौकशी करायची, हे मला हलकटपणाचं वाटलं. त्याला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. त्याला काही वाईट वाटलं नाही. मला वाटतंय, अजून."

भाऊनं फोन टेबलाच्या मधोमध सरकवला.

मोठ्या संस्थेचे व्यवस्थापक रविवार असूनही लगेच फोनवर आले. त्यांचा आवाजही गुळगुळीत कागदावर छापलेला वाटत होता.

"चादरी कोऱ्या कशा?" धाकटीनं विचारलं.

"आमच्याकडे अशाच असतात, मॅडम. स्वच्छतेबाबत तडजोड नाही."

"बरं. या वर्षी तुमचं काय चुकलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखादी गोष्ट करायला गेलात आणि फसली. कुणी तक्रार केली. असं काही."

"तक्रार?" व्यवस्थापक प्रसन्नपणे हसले. "आमच्याकडे तक्रारीला जागाच नाही, मॅडम."

फोन ठेवल्यावर आक्का म्हणाली, "इतकी म्हातारी माणसं एका छपराखाली, आणि तक्रार नाही? आम्ही इथं पाचच जण आहोत, तरी शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली."

"मोठी आहे म्हणून चोर ठरत नाही, आत्या," ऑडिटर म्हणाला. "कागदपत्रं चोख आहेत त्यांची."

"चोर म्हटलं का मी? असतील चांगले. पण ते मला आत घेत नाहीत. दिवाणखान्यातूनच बोळवण करताहेत."

दुसरा फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईंनी उचलला आणि आधी दुसऱ्याच कुणाला तरी ओरडल्या, "काठी घेतल्याशिवाय उठायचं नाही सांगितलंय ना?" मग, "हां, बोला."

"तुमच्या चादरी कमी आल्या," धाकटी म्हणाली. आवाज मुद्दाम कोरडा ठेवायला तिला कष्ट पडले.

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"ठेवून घेतल्या," बाई म्हणाल्या. "तपासणार म्हणून ईमेल आला, मग लाज वाटली. ज्यांचे डाग जातच नाहीत, ज्या पार विरल्यात, त्या बाजूला काढल्या आणि बऱ्यातल्या तेवढ्या पाठवल्या. नको होतं करायला. आणून देऊ का?"

"या वर्षी तुमचं काय चुकलं?"

"वेळ आहे का तुमच्याकडे?"

वहिनीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला.

बाई सांगू लागल्या. खाट हवी होती म्हणून एकाला आठवडाभर आधी घरी सोडला, तो स्वतःच्याच जिन्यावरून पडला आणि खुबा मोडून परत आला. ती चूक आमचीच. हिशेब लिहिणारा नोकरी सोडून गेला, तेव्हापासूनचे हिशेब अर्धवट पडलेत. स्वयंपाकाबद्दल तर विचारूच नका.

"हेही पाठ केलेलं असू शकतं," फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाला. "चार चुका कबूल करायच्या आणि पाचवी लपवायची. मी असले दावे ढिगानं पाहिलेत."

"असू शकतं," धाकटी म्हणाली.

भाऊ चपापला. वाद घालायला तो नीट बसला होता.

"म्हणून म्हणते, आत्ताच जाऊ. न कळवता. आणि तिथं काही काळंबेरं दिसलं, तर आक्काच्या आधी मीच नको म्हणेन." तिनं ऑडिटरकडे बघितलं. "तू फोन माझ्याकडे दे."

लाँड्रीच्या व्हॅनमध्ये माणसांनी बसायची सोय नव्हती. आक्का पुढे बसली, ऑडिटरनं व्हॅन चालवली, आणि बाकीचे मागे कपड्यांच्या पिशव्यांवर बसून प्रत्येक वळणावर एकमेकांच्या अंगावर गेले. इतक्या वर्षांत नणंद-भावजय एवढ्या जवळ कधी आल्या नव्हत्या.

ते घर अरुंद, दुमजली, एका चाव्या करणाऱ्याच्या दुकानाला लागून. दार उघडंच होतं. आत पुढच्याच खोलीत भिंतीला टेकवून एक लाकडी जिना उभा केला होता. चार पायऱ्या आणि पुढे भिंत. त्या पायऱ्यांवर एक जाडजूड गृहस्थ चढत होते, भिंतीला हात लावत होते आणि शिव्या देत उतरत होते.

"कुठं जायचंय तुम्हाला?" वहिनीनं काळजीनं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले. "घरी. ही बाई सोडत नाही. माझ्या घराला जेवढ्या पायऱ्या, तेवढ्या इथं चढून दाखवल्याशिवाय सुटी नाही म्हणते. एक माणूस पडला, शिक्षा आम्हा सगळ्यांना! तीस वर्षं बस चालवली मी. एका जागी इतका कधी फिरलो नाही. आणि सूप पाहिलंत का इथलं? त्यात गाजर शोधायला दुर्बीण द्या म्हणावं."

"गाजर काल संपलं," आतून येत बाई म्हणाल्या. धिप्पाड, हात ओले. "आणि पाय वाकवून चढा. कोण तुम्ही?"

"चादरीवाले," आक्का म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला, पण त्या बाजूला झाल्या. "या. बघा."

भाऊनं बघितलं. सवयीनं त्यानं खाटांच्या खाली बघितलं, दाराच्या मागे बघितलं, औषधाच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या. चौदा खाटा होत्या आणि चौदा माणसं होती, बसवाला धरून. आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. खिडकी लागत नाही. शेजारचा घोरतो. बाईंना बोलायची पद्धत नाही. हे सगळं ती माणसं बाईंच्या देखत, तोंडावर सांगत होती आणि बाई तिथल्या तिथं भांडत होत्या. भाऊनं नोकरीत घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. घाबरलेला माणूस आधी दाराकडे बघतो आणि मग 'सगळं छान आहे' म्हणतो. इथं दाराकडे कुणी बघत नव्हतं.

त्याला मोठी पंचाईत झाली. नाकारायला कारण सापडेना.

ऑडिटरला बाईंनी हिशेबाची खोकी दाखवली. तो ती उघडून बसला, आणि मध्येच त्याच्या तोंडून निघालं, "अरेरे!" घाण पडलेलं घर बघून काही बायकांच्या हाताला जशी खाज सुटते, तसं त्याचं झालं. "हे मी शनिवारी येऊन लावून देतो," तो म्हणाला. "फुकट. पण एखादी पावती सापडली नाही, तर तसं लिहीन हं मी."

"लिहा," बाई म्हणाल्या. "नाही तर काय सापडली लिहिणार?"

वहिनी पुढच्या खोलीत भिंती न्याहाळत उभी होती. तिनं शेवटी विचारलंच, "इथं समजा नावाची पाटी लावायची झाली, तर कुठं लावता येईल हो?"

"जिन्याला कठडा लावा," बसवाला वरच्या पायरीवरून म्हणाला. "पाटीला धरून उतरता येत नाही."

वहिनीनं जिन्याकडे बघितलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिनं पुढे होऊन, कुणी सांगितलं नसताना, बसवाल्याचा कोपर धरला.

"आक्का," ती म्हणाली, "कठडा पितळेचा करू या का? पितळेवर अक्षरंसुद्धा छान उठतात."

बाईंनी ठेवून घेतलेल्या चादरी आक्कानं तोवर मागून घेतल्या होत्या. वाईटच होत्या. तिनं त्या उजेडात धरल्या नाहीत. होत्या तशा गुंडाळल्या.

"यातल्या निम्म्यांचं आता पायपुसणं करा. बाकीच्या दर आठवड्याला पाठवत जा, सगळ्या. कुणी तपासणार नाही." मग तिला स्वतःचीच शंका आली असावी. "म्हणजे, तपासलं तरी काही मनात धरणार नाही."

"आणि देणगीचं?" बाईंनी सरळ विचारलं.

आक्का धाकटीकडे वळली. सगळ्यांदेखत वळली. "तू सांग."

धाकटीनं घाई केली नाही. "अर्धे आता द्यावेत. उरलेले हिशेब जुळल्यावर, वर्षानं. आणि त्या वेळी मी पुन्हा येऊन विचारीन, काय चुकलं म्हणून."

"अर्धेच?" वहिनी हळहळली.

"सगळे एकदम देऊन मोकळं होणं, हा विश्वास नव्हे वहिनी, आळस झाला. मी केलाय एकदा."

"चालेल," बाई म्हणाल्या. "वर्षभरात चुकलेलं सांगायला कमी पडणार नाही, काळजी करू नका."

"झालं तर," आक्का म्हणाली. "ही म्हणते तसं."

निघताना भाऊ मागे रेंगाळला. बाकीचे व्हॅनपाशी पोचले होते. त्यानं धाकटीची बाही ओढली, लहानपणी ओढायचा तशी.

"ऐक. तुझ्या वहिनीला बोलू नकोस. पंख मोडलेली पाखरं सांभाळणारी एक जागा आहे. त्यांचं पत्रक येतं मला टपालानं. दोन वर्षं येतंय."

"मग फेकून देत नाहीस?"

"देतो. म्हणजे, देणार आहे." तो चाव्यांच्या दुकानाकडे बघत राहिला. "माझ्याकडेही थोडं आहे बाजूला. तू विचारशील का त्यांना?"

"काय विचारू?"

"तेच तुझं. काय चुकलं ते. मला नाही जमणार. मी विचारलं की लोक वकील करतात."

"आणि उत्तर बरोबर नाही वाटलं तर?"

"तर नाही देणार. तू म्हणशील तसं."

भाऊनं हे तीन शब्द आजवर बायकोला म्हटले नव्हते, साहेबालाही नाही. धाकटीनं पुढे काही विचारलं नाही. "नंबर सांग," ती म्हणाली.

नंबर त्याला तोंडपाठ होता.

तिनं तिथंच फूटपाथवर उभं राहून फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला, आणि एकदम शंभरएक पाखरं कलकलली. त्या गोंगाटातून एक माणूस ओरडला, "एक मिनिट हं, आधी यांच्या तोंडात काहीतरी घालतो, मग बोलू!"

भाऊनं मान डोलावली. त्याचा चेहरा उजळला होता.

"खरे दिसताहेत," तो म्हणाला.

"थांब," धाकटी म्हणाली. "अजून मी काही विचारलेलं नाही."